सुई उडतेय? कंट्रोलरसोबत टर्नटेबल लावणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न (कोकण स्पेशल)

गणपती जवळ आले की आणि नंतर परत लग्नसराईत हेच प्रश्न फिरून फिरून येतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपमधली गाणी हाताने चालवायचं डीजेचं यंत्र, आता सगळ्यांकडेच आहे, काही पोरांनी कुठून कुठून जुनं टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) मिळवून ते कंट्रोलरला जोडलंय, स्क्रॅच करायची म्हणजे रेकॉर्ड हाताने पुढे-मागे फिरवून आवाज काढायची हौस आहे, छानच आहे. पण कार्यक्रमात सुई उडायला लागली की नव्वद टक्के लोक एकच उपाय करतात, सुईवरचं वजन वाढवतात. माझं म्हणणं एवढंच की आधी खाली बघा. टेबल, स्टेज, जमीन, बेस. सुईकडे सगळ्यात शेवटी या.

दादा, सुई उडता ती कित्याक?

अरे सुई रेकॉर्डच्या खोबणीत बसलेली असते ती फक्त दीड ते चार ग्रॅम वजनावर. त्यापेक्षा मोठा झटका कुठूनही आला की ती खोबण सोडणार. झटका तीन ठिकाणांहून येतो, तुझ्या हातातून, खालून जमिनीतून आणि हवेतून म्हणजे स्पीकरच्या बेसमधून. चौथं कारण खोबणीतच असतं, धूळ, बुरशी, वाळूचा कण, नाहीतर रेकॉर्ड वाकलेली. एकाच जागी प्रत्येक वेळी उडत असेल तर दोष रेकॉर्डमध्ये, कुठेही कशीही उडत असेल तर दोष सेटअपमध्ये, एवढं आधी ओळखायचं आणि मग पुढे.

माझ्या कंट्रोलरला सुईच नाही, तरी गाणं उडतं. ते का?

ते उडणं वेगळं. तिथे लॅपटॉपला आवाजाचा पुढचा तुकडा वेळेत देता येत नाही म्हणून कट् कट् येतं. सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये बफर (आवाज आधीच भरून ठेवायची जागा) बघ, ४४.१ किलोहर्ट्झला ५१२ सॅम्पलचा बफर म्हणजे साधारण ११.६ मिलिसेकंद आणि १२८ चा म्हणजे जेमतेम ३. लोक हौसेने सगळ्यात कमी ठेवतात आणि मग जुना लॅपटॉप धापा टाकतो. २५६ किंवा ५१२ वर ठेव, हाताला फरक फारसा कळत नाही. वायफाय बंद, लॅपटॉप चार्जरवर, पॉवर सेव्हिंग बंद, यूएसबी हब नको, केबल थेट लॅपटॉपला आणि ती केबल टेबलाच्या पायाला नीट बांधलेली, कारण कोणीतरी पाय मारतोच.

अजून एक आपल्याकडचं खास म्हणजे घाम. जॉग व्हील (कंट्रोलरवरची गोल चकती) स्पर्शावर चालतं, हात ओले असले किंवा वर पाणी सांडलं की त्याला वाटतं तू हात ठेवलायस आणि गाणं अडखळतं. मे महिन्यात हळदीच्या मांडवात हे फार होतं. सुका नॅपकिन जवळ ठेव. ज्या कंट्रोलरमध्ये टच सेन्सिटिव्हिटीची सेटिंग आहे तिथे ती थोडी कमी कर.

कोणत्याही कंट्रोलरला टर्नटेबल जोडता येतं का?

नाही. मागे फोनो इनपुट (टर्नटेबलची वायर लावायची जागा) पाहिजे आणि वर सॉफ्टवेअरमध्ये डीव्हीएस (डिजिटल व्हायनल सिस्टम, पुढच्या प्रश्नात सांगतो) चालायला पाहिजे. काही कंट्रोलरना फोनो इनपुट असतं पण ते फक्त आवाज मिक्सरमधून पुढे सोडण्यापुरतं, टाइमकोड, म्हणजे डीव्हीएसच्या रेकॉर्डवरचा सिग्नल, त्यातून लॅपटॉपला जात नाही. विकत घेताना दुकानदाराला नेमकं हेच विचार, "डीव्हीएस सपोर्ट आहे का आणि लायसन्स वेगळं घ्यायचं का". मागचा स्विच फोनोवर असतो की लाइनवर तेही बघून घे, चुकीचा असला की सिग्नल एक तर मेलेला येतो नाहीतर फाटलेला, आणि माणूस उगाच सुईला दोष देतो.

डीव्हीएस म्हणजे काय ते सोप्यात सांगा

यासाठीच्या खास रेकॉर्डवर गाणं नसतं, एक सलग टोन असतो, तोच टाइमकोड. सेराटो या डीजे सॉफ्टवेअरच्या रेकॉर्डवर तो १ किलोहर्ट्झचा असतो. सुई तो वाचते, सॉफ्टवेअर त्यावरून ठरवतं की रेकॉर्ड किती वेगात, कुठल्या दिशेला आणि कुठल्या जागी फिरतेय, आणि लॅपटॉपमधलं गाणं तसं वाजवतं. सेराटोचं स्क्रॅच लाइव्ह रेन कंपनीच्या बॉक्ससोबत २००४ मध्ये आलं, त्याच्या थोडं आधी फायनल स्क्रॅच नावाचं असंच सॉफ्टवेअर आलेलं. म्हणजे ही काही नवीन गोष्ट नाही, आपल्याकडे उशिरा पोचली इतकंच.

मग सुई उडाली तरी गाणं उडू नये असं काही करता येतं का?

येतं, आणि हे माहीत नसल्यामुळेच अर्धे लोक घाम गाळतात. सॉफ्टवेअरमध्ये तीन मोड असतात, ॲब्सोल्यूट, रिलेटिव्ह आणि इंटर्नल. ॲब्सोल्यूटमध्ये सुई रेकॉर्डवर जिथे असेल तिथलंच गाणं वाजतं, म्हणजे सुई उडाली की गाणंही उडालं. रिलेटिव्हमध्ये जागेकडे लक्षच दिलं जात नाही, फक्त वेग आणि दिशा. सुई शेजारच्या खोबणीत गेली तरी गाणं चालू राहतं, पब्लिकला कळतसुद्धा नाही. कार्यक्रमात रिलेटिव्हच ठेव. तोटा एवढाच की रेकॉर्डवर लावलेला स्टिकर हळूहळू सरकतो, म्हणजे तुझी खूण बारा वाजता होती ती उडण्यानंतर तीनवर दिसेल. स्क्रॅचवाल्यांना याचा राग येतो ते बरोबर आहे, पण लग्नात नवरीच्या एन्ट्रीला गाणं उडण्यापेक्षा स्टिकर सरकलेला परवडला.

इंटर्नलमध्ये सुईचा संबंधच उरत नाही, सगळं कंट्रोलरवरून. हे बटण कुठे आहे ते अंधारातही सापडलं पाहिजे.

आणि खरी गाण्याची रेकॉर्ड वाजवत असाल तर यातलं काहीच कामाचं नाही, तिथे सुई उडाली म्हणजे उडालीच.

वजन किती ठेवायचं? हेडशेलवर (सुईच्या वरच्या पुढच्या भागावर) नाणं ठेवलं तर चालेल का?

नाणं नको रे बाबा. कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या छोट्या डबीच्या) पाकिटावर कंपनीने वजन दिलेलं असतं तेवढंच. डीजेच्या बहुतेक कार्ट्रिज ३ ग्रॅमच्या आसपास चालतात, स्क्रॅचसाठी बनवलेल्या काही ४ पर्यंत. जुनी शुअर एम४४-७ तर दीड ते तीन ग्रॅममध्ये खोबणीला चिकटून बसायची, म्हणूनच ती एवढी गाजली. शुअरने २०१८ मध्ये फोनो कार्ट्रिज बनवणं बंद केलं, त्यामुळे आता "ओरिजिनल नवी शुअर सुई" म्हणून स्वस्तात कोणी देत असेल तर जरा सांभाळून. जपानच्या जिको कंपनीच्या बदली सुया मिळतात.

वजन लावायची पद्धत अशी. अँटी-स्केट (सुई आत खेचली जाऊ नये म्हणून लावायचा उलटा जोर) शून्यावर, सुईचं कव्हर काढ, मागचं काउंटरवेट फिरवत फिरवत टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, हवेत आडवा तरंगेल असा कर, मग फक्त आकड्याची रिंग शून्यावर आण, आणि मग पूर्ण वजन फिरवून हवा तो आकडा. रिंग नुसती फिरवली तर वजन बदलत नाही, आकडा तेवढा बदलतो, हा घोळ मी बऱ्याच जणांच्या टेबलवर बघितलाय. ऑनलाइन छोटा डिजिटल काटा मिळतो सुईसाठीचा, तो घेऊन टाक. काउंटरवेट उलटं बसवायची एक आयडिया फिरत असते, त्याने वजन वाढतं हे खरं पण मग आकड्यांना काही अर्थ राहत नाही आणि किती लावलंय ते काट्याशिवाय कळणार नाही.

जास्त वजनाने उडणं थोडं कमी होतं, मग काय बिघडलं असं विचारतात. बिघडतं असं की सुई आत दबून बसते, रेकॉर्ड पांढरी पडायला लागते, टाइमकोडची रेकॉर्ड लवकर झिजते आणि झिजलेल्या रेकॉर्डवर सॉफ्टवेअरला सिग्नल नीट मिळत नाही. म्हणजे फिरून तिथेच.

अँटी-स्केट किती?

नुसतं मिक्सिंग असेल तर साधारण वजनाइतकं. स्क्रॅच करत असशील तर शून्य किंवा शून्याजवळ, कारण रेकॉर्ड पुढे फिरताना सुई आत खेचली जाते पण मागे ओढताना तो जोर उलटा होतो, तेव्हा अँटी-स्केट मदत करायच्या ऐवजी सुईला बाहेर ढकलतं.

टोनआर्मची उंची पण बघ. रेकॉर्डवर सुई असताना टोनआर्म रेकॉर्डला समांतर दिसायला पाहिजे, स्क्रॅचवाले मागची बाजू किंचित वर ठेवतात. स्लिपमॅट (रेकॉर्डखालची चटई) जाड बदलली की उंची परत लावावी लागते.

घरात प्रॅक्टिसला काही होत नाही, कार्यक्रमात मात्र उडते. का?

कारण घरात तू कोब्यावर नाहीतर लादीवर उभा आहेस आणि कार्यक्रमात लोखंडी सांगाड्यावर ठोकलेल्या प्लायवर. खरी मेख इथेच आहे.

दोन वेगळे त्रास असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिला बेसचा. सब (बेसचा मोठा स्पीकर) वाजतो, साधारण ४० ते १०० हर्ट्झचा हादरा जमिनीतून आणि हवेतून टर्नटेबलपर्यंत येतो, सुई तो उचलते, खरी रेकॉर्ड असेल तर तो परत सबमध्ये जातो आणि घुंऽऽ करत वाढत जातो. दुसरा पायांचा. १२० बीपीएमचं (मिनिटाला १२० ठोक्यांचं) गाणं म्हणजे सेकंदाला दोन उड्या, म्हणजे २ हर्ट्झ. हा हादरा हळू पण मोठा असतो, अख्खं स्टेजच खालीवर होतं. बेससाठी टर्नटेबलखाली मऊ काहीतरी लागतं. उड्यांसाठी मऊ काही उपयोगाचं नाही, उलट जास्त डुलायला लागतं. तिथे एकच इलाज, टेबल नाचणाऱ्यांच्या फळीवर ठेवायचंच नाही.

ज्याने बाल्या नाच जवळून बघितलाय त्याला सांगायला नको, घुंगरू बांधलेली दहा-बारा माणसं एका तालात पाय आपटतात तेव्हा पडवीतली भांडीसुद्धा वाजतात. त्याच पडवीत टर्नटेबल लावून "सुई का उडते" विचारण्यात काय अर्थ आहे? जुन्या घरात माळ्यावर लाकडी फळ्या असतात तिथे तर अजिबात नाही. टेबल अंगणात खळ्यावर, थेट जमिनीवर, मांडवाच्या खांबाला न टेकता. स्टेज असेल तर स्टेजच्या मागे किंवा बाजूला जमिनीवर टेबल लाव, उंची कमी वाटली तर चिऱ्यांचा चौथरा कर. आयोजक म्हणतात डीजे वर दिसला पाहिजे. त्यांना सांग, वर कंट्रोलर ठेवतो आणि टर्नटेबल खाली. नाहीच ऐकलं तर निदान स्टेजचा जो कोपरा खांबावर बसलाय तिथे टेबल ठेव, मधली प्लाय सगळ्यात जास्त नाचते.

चिरा, कडप्पा, सायकलची ट्यूब, यातलं खरंच काय चालतं?

तिन्ही चालतात पण कुठे काय ते समजून.

जड वस्तू खाली मऊ गोष्टीवर ठेवली की बेसचा हादरा वर पोचता पोचता मरतो. वर जेवढं जड आणि खाली जेवढं मऊ तेवढं चांगलं, फक्त इतकं मऊ नको की हात लावला की डुलेल. आपल्याकडे सगळ्यात स्वस्तात जमणारं असं: टेबलावर सायकलची किंवा स्कूटरची ट्यूब अर्धवट हवा भरून, तिच्यावर कडप्प्याचा तुकडा, त्यावर टर्नटेबल. कडप्पा लादीच्या दुकानात ओट्याचा कापून उरलेला मिळतो, फक्त टर्नटेबलपेक्षा चारी बाजूंनी थोडा मोठा घे. ट्यूबमध्ये हवा एवढीच की कडप्पा ठेवल्यावर ट्यूब पूर्ण चेपू नये. ट्यूबचा व्हॉल्व्ह बाहेरच्या बाजूला. मग लेव्हल बाटलीने सपाटी बघ, कारण ट्यूबवर एक कोपरा नेहमी खाली जातो आणि टर्नटेबल कलतं राहिलं की सुई एका बाजूला ओढ घेणारच.

ट्यूबवर स्क्रॅच करणाऱ्यांना डुलणं सहन होत नाही. त्यांनी ट्यूबऐवजी जाड दाट फोम किंवा चार कोपऱ्यांना अर्धे कापलेले टेनिस बॉल वापरा, थोडं कमी अडवतं पण हाताला घट्ट लागतं.

चिरा टेबलाच्या पायाशी. टेबल हलकं घडीचं असेल तर मधल्या दांडीवर दोन चिरे ठेव, टेबल जागचं हलत नाही. पण चिरा उघडा टर्नटेबलजवळ कधीही नको, जांभ्याची लाल भुकटी झडत राहते आणि ती खोबणीत गेली की सुईला कानस लावल्यासारखं होतं. गोणपाटात आणि वर प्लास्टिकमध्ये गुंडाळ.

काथ्याचं पायपुसणं खाली घातलं तर चालेल का, असंही विचारतात. घाल, टेबलाचे पाय घसरत नाहीत. बेसला त्याने फार काही होत नाही.

सब कुठे ठेवायचे?

टेबलाच्या खाली नको, शेजारी नको, त्याच स्टेजवर नको. जमिनीवर, पब्लिकच्या बाजूला, जेवढे लांब जमतील तेवढे. भिंतीचा कोपरा बेस वाढवतो हे सगळ्यांना आवडतं, पण त्याच कोपऱ्यात तुझं टेबल नको. मॉनिटर स्पीकर टेबलवर ठेवू नकोस, वेगळ्या स्टँडवर. स्पीकरसाठी प्रोसेसर असेल तर ३०-३५ हर्ट्झच्या खालचं कापून टाक, बहुतेक सब तिथे नीट वाजतच नाहीत, नुसते हलतात आणि सुईला त्रास देतात. टर्नटेबलचं झाकण वाजवताना काढून ठेव, ते हवेतला बेस झेलतं.

नक्की दोष कुठे आहे ते कार्यक्रमाआधी कसं ओळखायचं?

थांबलेल्या रेकॉर्डवर सुई ठेव, मोटार बंद. ती लाइन खरी रेकॉर्ड वाजवताना असते तशी उघडी ठेव, हाताशी फेडर (आवाजाची सरकपट्टी), आणि बोटाने टेबलावर हळू टकटक कर. स्पीकरमधून धप् धप् आलं तर टेबल कच्चं. मग दुसऱ्या डेकवर, कंट्रोलरवरून, बेसवालं गाणं हळूहळू वाढव. घुमायला लागलं तर सब आणि टर्नटेबलखालची मऊ बैठक बघ, फेडर लगेच खाली. मग एखाद्या जाड्या मित्राला टेबलाजवळ दोन उड्या मारायला सांग.

सॉफ्टवेअरमध्ये टाइमकोडची हिरवी वर्तुळं दिसतात तीही बघ. गोल आणि स्वच्छ पाहिजेत. लंबुळकी झाली तर डाव्या-उजव्याचा तोल गेलाय, एकच रेघ दिसली तर एक बाजू येतच नाही, तेव्हा हेडशेलच्या पिना आणि वायरी. नॉइज सेन्सिटिव्हिटी सब चालू असतानाच सेट कर, शांत मांडवात केलेली सेटिंग कार्यक्रमात उपयोगाची नाही.

पावसाळ्यात आणि खाऱ्या हवेत काय काळजी घ्यायची?

ही आपली किनाऱ्यावरची कायमची डोकेदुखी. हेडशेलच्या चार पिनांवर आणि टोनआर्मच्या आतल्या टोकांवर खाऱ्या हवेने काळपट थर चढतो, मग एक चॅनेल येतं-जातं आणि सॉफ्टवेअरला वाटतं सुई उचलली. पिना साध्या खोडरबरने हळू घासायच्या नाहीतर आयसोप्रोपिल अल्कोहोल इअरबडवर घेऊन पुसायच्या.

रेकॉर्डना कागदी कव्हरात बुरशी येते, पांढरे ठिपके. त्या ठिपक्यावर सुई उडतेच. आतलं कव्हर प्लास्टिकचं घे, रेकॉर्ड उभ्या ठेव, बॉक्समध्ये सिलिका जेलच्या पुड्या, भिंतीला टेकवून नको कारण चिऱ्याची भिंत पावसाळ्यात ओल सोडते. धुवायला डिस्टिल्ड वॉटर, मऊ कापड, खोबणीच्या दिशेने गोल गोल. आपलं विहिरीचं पाणी कितीही गोड असलं तरी त्यातले क्षार सुकल्यावर खोबणीत राहतात. सुई पुढे-मागे पुसायची नाही, मागून पुढे एकाच दिशेने.

आजोबांच्या जुन्या ७८ आरपीएमच्या रेकॉर्ड याच्यावर वाजवू का?

डीजेच्या सुईने नको. त्या रेकॉर्डची खोबण कितीतरी रुंद, तुझी सुई तळाशी घरंगळत राहील. आणि त्या बहुतेक शेलॅकच्या असतात, त्यांना अल्कोहोल लागलं तर त्या विरघळतात. पेटीत नीट ठेव.

बीचवर कार्यक्रम आहे, काय करू?

तारकर्ली असो नाहीतर अलिबाग, पुळणीवर टेबलाचे पाय रुततात, आणि एकसारखे रुतत नाहीत. खाली जाड प्लाय टाक, तिच्यावर टेबल, दर तासाने सपाटी बघ. वारा टोनआर्मला हलवतो हे खोटं वाटतं पण होतं, तीन बाजूंनी ताडपत्री बांध. वाळू उडत असताना रेकॉर्ड उघडी ठेवू नकोस. खरं सांगू तर बीचवर मी कंट्रोलरच वापरायला सांगेन.

स्लिपमॅट आणि रेकॉर्डच्या भोकाचं काय?

स्लिपमॅट जड फिरत असली की हात जास्त जोर लावतो आणि तो जोर सुईपर्यंत जातो. मॅटखाली गुळगुळीत प्लास्टिकचा पातळ गोल घाल. भोक सैल असेल आणि रेकॉर्ड हलत असेल तर मधल्या खुंटीला सेलोटेपचा एखादा वेढा, बस्स. टर्नटेबल आडवं लावण्याऐवजी नव्वद अंशात फिरवून टोनआर्म लांबच्या बाजूला केला तर मनगट त्याला लागत नाही, स्क्रॅचवाले म्हणूनच तसं लावतात.

टेम्पोतून नेताना?

हेडशेल काढून डबीत, काउंटरवेट काढून फोममध्ये, प्लॅटर (फिरणारी थाळी) काढून वेगळं, टोनआर्म क्लिपमध्ये आणि वर वेलक्रोची पट्टी. मुंबई-गोवा हायवेवर यातलं एकही टाळू नये. टोनआर्मचं बेअरिंग एकदा ठोकलं गेलं की टोनआर्म फिरताना कुठेतरी बारीक अडकतो आणि मग कितीही सेटिंग करा, सुई त्याच ठिकाणी उडते. रेकॉर्ड मे महिन्यात बंद गाडीत उन्हात ठेवल्या की पापड होतात.

जनरेटरवर आल्यापासून घुंऽऽ येतंय, सुई उडण्याशी संबंध आहे का?

उडण्याशी नाही, अर्थिंगशी आहे. टर्नटेबलची अर्थची बारीक वायर मिक्सर किंवा कंट्रोलरच्या मागच्या स्क्रूला लावली का ते बघ. गावात तीन पिनच्या सॉकेटला अर्थ असतोच असं नाही. लॅपटॉप आणि कंट्रोलरसाठी छोटा यूपीएस ठेव, लाईट गेल्यावर कंट्रोलर परत चालू होईपर्यंतची शांतता फार लांब वाटते.

टेक्निक्सच घ्यायला पाहिजे का?

परवडत असेल तर हो. एसएल-१२०० १९७२ पासून आहे, मधे २०१० मध्ये बंद झालं, २०१६ मध्ये परत आलं. वजनदार अंग आणि चांगलं बेअरिंग, त्यामुळे कमी उडते. पण डुलणाऱ्या प्लायवर टेक्निक्ससुद्धा उडतं. हलकं बेल्टवालं घरगुती टर्नटेबल मात्र स्क्रॅचला घेऊच नका.

सुईच नको असेल तर?

फेज नावाचं वायरलेस येतं, रेकॉर्डवर छोटं रिमोट बसतं आणि ते फिरणं मोजून पाठवतं, टोनआर्म बाजूला. रेनचं ट्वेल्व्ह हे फिरणाऱ्या प्लॅटरचं कंट्रोलरच आहे, त्याला टोनआर्मच नाही. पायोनियर डीजेचं पीएलएक्स-सीआरएसएस१२ पण सुईशिवाय चालतं. महाग आहेत. वर्षात गणपती आणि चार हळदी करणाऱ्याने याच्या मागे लागण्याआधी ट्यूब आणि कडप्प्यावर खर्च करावा.

चालू कार्यक्रमात उडायला लागली तर त्या क्षणाला काय करू?

इंटर्नल दाब. गाणं लॅपटॉपवरून चालू राहील, मग घाई नाही. सुई उचल, टोकावर धुळीचा गोळा असेल तर मागून पुढे ब्रश फिरव, हेडशेलची रिंग घट्ट कर. परत ठेव आणि वर्तुळं बघ. ठीक असतील तर रिलेटिव्हवर ये, नसतील तर बाकीचा कार्यक्रम कंट्रोलरवर कर. पोलिसांची वेळ रात्री दहाची आहे आणि सगळ्यात जास्त पब्लिक साडेनऊनंतरच नाचतं, त्या अर्ध्या तासात काउंटरवेट फिरवत बसू नकोस.